वीस शेअरांचे मालक

हे मी लिहावं की नाही, याची अजूनही मला खात्री नाही. मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि तिथेही शिकलो ते अकाउंट्स. ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांना मी जेमतेम दोन-अडीच वर्षं ओळखत होतो. त्यांना मुलगी आहे, मैदानावर वर्षानुवर्षं त्यांच्या शेजारी उभे राहिलेले मित्र आहेत. लिहायचा खरा हक्क त्यांचा. पण त्यांच्यापैकी कुणी मराठीत लिहिणार नाही, आणि काका रागवायचे, हसायचे ते मराठीतच. म्हणून हे धाडस. चुकलं तर माफ करा.

"मालक म्हणून सांगतो," हे त्यांचे पहिले शब्द माझ्या कानावर पडले ते लंडनजवळच्या हाउन्सलोत, बुद्धवंदना संपल्यावर खिरीच्या रांगेत. "मालक म्हणून सांगतो, यंदा आपण वरच्या डिव्हिजनला जातो."

मी नुकताच इंग्लंडला आलो होतो. पांढरे केस, नीट विंचरलेले, गळ्यात विटलेला निळा मफलर, आणि हा माणूस कशाचा तरी मालक आहे. मी आदरानं दोन पावलं मागे सरलो. त्यांनी माझं गाव विचारलं. परभणीकडचा म्हटल्यावर वाटी माझ्या हातात देत म्हणाले, "मग घरचाच की रे! शनिवारी काय करतोस? ये, माझं ग्राउंड दाखवतो."

शनिवारी मी शर्टाला इस्त्री केली. दोन बस बदलून आम्ही एका लहानशा गावात उतरलो. क्लबचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढे जे झालं ते तिथल्या काही लोकांना अजून दुखतं. टीव्हीवर दिसणाऱ्या फुटबॉल क्लबांच्या कितीतरी पायऱ्या खालचा क्लब. पत्र्याचं एक स्टँड, चहाची टपरी, पलीकडे रेल्वेचा बांध. काका रांगेत उभे राहिले आणि त्यांनी दोन तिकिटं काढली.

"काका, मालकाला तिकीट लागतं?"

"मालकच फुकट शिरला तर क्लब चालायचा कसा?"

मग उलगडा झाला. फार पूर्वी क्लब बंद पडायला आला होता, तेव्हा शेअर काढून ते प्रेक्षकांना विकले होते. काका तेव्हा हीथ्रो विमानतळावर सामान चढवायचे. ओव्हरटाइम करून त्यांनी वीस शेअर घेतले. एकूण शेअर हजारोंनी. मी मनातल्या मनात टक्केवारी काढली आणि ती त्यांना सांगितली नाही.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल, वस्तीच्या नळावर नाहीतर सोसायटीच्या जिन्यात. स्वतःचं नसलेलं स्वतःच्या वस्तूसारखं जपणारा. काका मध्यंतरात चहाचे रिकामे कप गोळा करायचे. सीटवर बूट ठेवणाऱ्या पोरांना हाताच्या इशाऱ्यानं पाय खाली घ्यायला लावायचे. टॉयलेटमधून बाहेर येताना दिवा बंद करायचे, मग आतून कुणीतरी ओरडायचं. त्यांच्या शेजारी कठड्याला टेकून उभा राहणारा टेरी, निवृत्त बसड्रायव्हर, त्यांना चेअरमन म्हणायचा. टेरी अर्थातच इंग्रजीत बोलायचा. त्याचं बोलणं मी माझ्या मराठीत लिहितोय, त्यात त्याची अर्धी गंमत आणि सगळ्या शिव्या गळाल्या आहेत.

सामना जिंकला की काका म्हणायचे, "भाव चढला." हरला की, "घ्यायची हीच वेळ." हे शेअर कुठल्याच बाजारात विकले जात नव्हते. मी एकदा अभ्यासू तोंड करून त्यांना तसं समजावलं.

"म्हणजे भाव कोण ठरवतं?" त्यांनी विचारलं.

"गिऱ्हाईक असेल तर गिऱ्हाईक. नसेल तर... तसा भावच नाही."

"मी विकणारच नाही. मग गिऱ्हाइकाचा संबंध काय?" आणि टेरीकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "या पोराला डिग्री मिळेपर्यंत माझा भाव दुप्पट होईल."

"दोनदा शून्य किती होतं, चेअरमन?" टेरी म्हणाला.

दर शरद ऋतूत भागधारकांची सभा भरायची, क्लबच्या बारमध्येच. काका सूट घालून जायचे. मी पाहुणा म्हणून मागच्या खुर्चीत बसलो होतो. हिशेब वाचून झाले, प्रश्न आहेत का असं विचारलं गेलं, आणि काका कोटाचं बटण लावत उभे राहिले. त्याबरोबर सगळ्या बारमधून एकच आवाज उठला, "गरम पाणी!"

हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. पाहुण्या संघाच्या खोलीतल्या शॉवरला गरम पाणी येत नव्हतं. कित्येक वर्षं येत नव्हतं. बाकीच्यांना त्यात मजा वाटायची, समोरचा संघ गारठून घरी जातो म्हणून. काका हसले नाहीत. "मी या क्लबचा एक मालक आहे," ते म्हणाले. "माझ्या घरी आलेला पाहुणा थंड पाण्यानं अंघोळ करून जातो. मला लाज वाटते." अध्यक्षांनी बघतो म्हणून सांगितलं. येताना बसमध्ये काका खुशीत होते. "पाणी येईल तेव्हा येईल. पण विचारल्यावर त्यांना उत्तर द्यावं लागतं, बघितलंस? माझा बाप गावात प्रश्न विचारायला उभा राहिला असता तर?" मीही त्याच भागातला, मला पुढचं माहीत होतं.

दुसऱ्या वर्षी एक कंपनी आली. तिला सगळा क्लब हवा होता. शेअरला घेतल्या किमतीच्या दुपटीनं द्यायची तिची तयारी होती. कठड्यापाशी आता सामन्यापेक्षा तीच चर्चा जास्त चाले.

"विका," टेरी म्हणायचा. "आपल्याला गोल करणारा माणूस हवाय. तो यांच्या पैशातून येईल. मेमध्ये सीझन संपला की आपण वर."

"गोल करणारा मेमध्येच दुसरीकडे जाईल," काका म्हणायचे. "आणि उद्या यांनी ग्राउंडवर फ्लॅट बांधले तर तू कुठे उभा राहणार? कुणाच्या तरी किचनमध्ये?"

"किचन तरी गरम असेल!"

टेरीनं आपले शेअर विकले. जवळपास सगळ्यांनीच विकले. मी काकांकडे असताना त्यांच्या मुलीचा ब्रिस्टलहून फोन आला. ती इथेच जन्मलेली, मराठी तिला अडखळत येतं. "बाबा, विकून टाका ना ती शेअर्स. तुमचा रूफ लीक होते. तो तरी फिक्स होईल."

"ग्राउंड विकून छप्पर दुरुस्त करू? छान!"

"ग्राउंड नाही बाबा, पेपर आहे तो!"

काकांनी फोन माझ्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले.

मला कायद्याचा तो भाग नुकताच शिकवला होता. मी त्यांना जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. घेणाऱ्याकडे दहातले नऊ भाग गेले की उरलेल्यांचे शेअर तो कायद्यानं घेऊ शकतो. मोबदला मिळतो, पण शेअर राहत नाही. तुम्ही हो म्हणा किंवा नाही.

काका शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "माझ्या आज्यानं एकदा अंगठा दिला आणि ओढ्याकाठचा आमचा तुकडा गेला. तेवढाच होता. बाप मरेपर्यंत सांगायचा, काही झालं तरी अंगठा द्यायचा नाही. मी तर सही करायला शिकलोय. नाही केली, संपलं!"

"काका, इथे सही लागतच नाही."

"अरे, या देशात सहीशिवाय पार्सल मिळत नाही, आणि माझं ग्राउंड घेतील?" ते मोठ्यानं हसले आणि चहा टाकायला उठले. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीखाली त्या वीस शेअरांचं प्रमाणपत्र काचेत लावलेलं होतं. त्यांनी जाता जाता बाहीनं काच पुसली. मला पुन्हा सांगायचा धीर होत नव्हता, तरी मी आणखी एकदा सांगितलं. ते म्हणाले, "पुस्तकं बाजूला ठेव आणि साखर किती ते सांग."

नोटीस आली. काकांनी सही केली नाही. मुदत गेली. काही घडलं नाही, म्हणून ते जिंकल्यासारखे वावरत होते. सभेचा नेहमीचा दिवस आला तेव्हा सूट घालून माझ्या दारात उभे. "चल. यंदा पाण्याचं तडीस नेतो."

बार बंद होता. क्लबच्या नव्या ऑफिसात एक तरुण मुलगी बसली होती. तिनं काकांचं नाव कॉम्प्युटरवर शोधलं, आणि ती खुर्ची सोडून आमच्या बाजूला आली. फार चांगली मुलगी होती. म्हणाली, "सर, आता अशी सभा होत नाही. क्लबला एकच शेअरहोल्डर आहे."

"मी सही दिलेली नाही," काका म्हणाले.

"हो सर. तुमचे शेअर कायद्यानं ट्रान्सफर झालेत. तुमचा मोबदला बाजूला ठेवलाय, तुम्ही कधीही मागू शकता."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. त्यांनी कोटाचं बटण लावलं, आणि मला वाटलं आता ते पाण्याचं विचारतील. मग त्यांनी ते पुन्हा काढलं, तिला थँक यू म्हणाले आणि बाहेर पडले.

बाहेर वारा होता. चहाचा एक कागदी कप घरंगळत त्यांच्या बुटापाशी येऊन थांबला. ते वाकले नाहीत. मी वाकलो.

"राहू दे," ते म्हणाले. "ज्याचं आहे तो उचलेल."

त्यानंतरही ते सामन्याला यायचे. त्याच जागी, त्याच मफलरमध्ये. पण सीटवर कुणाचे पाय आहेत ते त्यांना दिसेनासं झालं. टेरी मुद्दाम छेडायचा, "चेअरमन, आज भाव काय?" ते नुसते हसायचे. कंपनीनं गोल करणारा माणूस खरंच आणला होता. मी विचारायचो, "यंदा काय होईल काका?" तर म्हणायचे, "बघू. त्यांची टीम चांगली आहे." ते पैसे त्यांनी शेवटपर्यंत मागितले नाहीत. छप्पर गळतच राहिलं. प्रमाणपत्र मात्र भिंतीवरच होतं. काच आता पुसलेली नसायची.

पदवी मिळाली आणि मला एडिनबराला नोकरी लागली. निघायच्या दिवशी काका स्टेशनपर्यंत आले. माझी बॅग त्यांनी स्वतः उचलली, जुन्या सवयीनं, खांद्यावर. "तिथेही एखादा लहान क्लब असेल," ते म्हणाले. "तिकीट काढून बघ." 'मालक म्हणून सांगतो', त्यांच्या त्या तीन शब्दांची मी गाडी हलेपर्यंत वाट पाहिली. ते शब्द आले नाहीत.

पुढे आमचे फोन व्हायचे, हवा, जेवण, माझी नोकरी. मग त्यांचा फोन लागेनासा झाला. मुलीकडे राहायला गेले असतील, असं मी धरून चाललो.

परवाच्या शनिवारी दुपारी टेरीचा मेसेज आला. आपण तिसऱ्या नंबरवर आहोत, सीझन संपेपर्यंत काहीही होऊ शकतं. आणि खाली, चेअरमनच्या जागेवर आम्ही अजून कुणाला उभं राहू देत नाही.

मी तिथल्या तिथे फोन लावला. तो मैदानावरच होता, मागे लोकांचा गलका ऐकू येत होता.

"तुला कुणीच सांगितलं नाही, पोरा?" टेरी म्हणाला. "फेब्रुवारीत गेला. ब्रिस्टलला, मुलीकडे. मला वाटलं, तुला माहीत असणार."

त्यांच्या मुलीकडे माझा नंबर नव्हता. असायचं काही कारणही नव्हतं. टेरी वाट पाहत होता. मला काहीतरी बोलायला हवं होतं, आणि तोंडातून भलतंच आलं. मी विचारलं, पाहुण्यांच्या खोलीत गरम पाणी आलं का?

मागे शिट्टी वाजली, सामना सुरू झाला असावा.

"नाही रे," तो म्हणाला. "अजून थंडच आहे."