कॅनडाच्या मॅडमशी दादांचं बोलणं

समोरासमोर बसून बोलल्याशिवाय जगात कुठलंही काम होत नाही, असं मनापासून मानणारा शेवटचा माणूस गोंदियाजवळ कामठ्याला राहतो, आणि तो माझ्या बायकोचा थोरला भाऊ आहे. बायको त्यांना दादा म्हणते, म्हणून मीही दादाच म्हणतो. आमची मुलगी चैताली त्यांना मामाजी म्हणते. ते मला भाऊजी म्हणतात, आणि हा मान एकदा देऊन झाला की पुढे मला वाटेल ते बोलायला मोकळे होतात. धानाची शेती, अंगात पांढरी बंडी, खांद्यावर दुपट्टा आणि आवाज असा की त्यांनी बांधावरून गड्याला हाक मारली तर शेजारच्या शेतातले बैलही थांबतात. गावातली विजेची डीपी जळली तेव्हा बाकीच्यांनी मोबाइलवर तक्रारी केल्या. दादा लाइनमनच्या घरी गेले, त्याच्या म्हाताऱ्याच्या गुडघ्याची चौकशी केली, गुडघ्याला लावायला मोहाचं तेल दिलं आणि निघताना उंबऱ्यात उभं राहून सहज म्हणाले, “आमच्या इथची डीपी जळली ना बाप्पा.” डीपी आली. ती तक्रारींमुळे आली की तेलामुळे, यावर आमच्या घरात अजून दोन पक्ष आहेत. दादांच्या मते मात्र प्रश्नच नाही. “मशीनले गुडघे नसतात, भाऊजी. गुडघे मानसाले असतात.”

त्यामुळे टेपवरच्या आवाजांशी त्यांचं जन्माचं वैर. गॅसचा सिलिंडर नोंदवायला फोन लावला आणि तिकडून “हिंदी के लिए दो दबाइए” असं ऐकू आलं की ते दोन दाबत नाहीत, त्या बाईला समजावू लागतात. “दाबतो ना बाई, पन आधी माजा ऐकून तं घे.” बाई ऐकत नाही. ती पुन्हा तेच सांगते. दादा पुन्हा तेच सांगतात. एकदा तर ते चिडून म्हणाले होते, “मी का विचारून राहिलो, तू का सांगून राहिलीस? घरी असाच बोलतेस का?” शेवटी सायकल काढून ते स्वतः एजन्सीत गेले, आणि तिथल्या पोराला आधी त्या बाईची तक्रार सांगून मग सिलिंडर मागितला. सरकारी किंवा बिनसरकारी, कुठल्याही कचेरीत ते रिकाम्या हाताने जात नाहीत. घरचा चिन्नोर तांदूळ पिशवीत असतोच. बँकेच्या एका नव्या साहेबांनी तो घ्यायला साफ नकार दिला, तेव्हा दादांनी पिशवी साहेबांच्या स्कूटरच्या हँडलला अडकवली आणि घरी आले. त्यात लाच वगैरे काही नव्हतं. कर्जही काढायचं नव्हतं. नवा माणूस गावात आला आणि त्याने अजून आपला भात खाल्ला नाही, याची त्यांना खरोखर काळजी लागली होती.

चैतालीला कॅनडात अन्नप्रक्रियेच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला, तेव्हा मी गोंदियाला शिकवतो त्या शाळेतल्या सहकाऱ्यांनी अभ्यासक्रम विचारला, नातेवाइकांनी थंडी विचारली. दादांनी एकच विचारलं, “तिथं आपला कोन हाय?” कोणी नाही म्हटल्यावर ते अस्वस्थ झाले. पुढच्याच आठवड्यात ते बसने देवरीला गेले आणि हायवेवरच्या एका ढाब्यावर ठाण मांडून बसले. रायपूरहून येणारा जो ट्रक थांबेल त्याच्या सरदारजी ड्रायव्हरला ते विचारायचे, “पाजी, कॅनडा में आपका कौन है?” संध्याकाळपर्यंत त्यांनी एका ड्रायव्हरच्या चुलतभावाचा नंबर मिळवून आणला. हा चुलतभाऊ कॅनडाच्या पश्चिम टोकाला आणि चैताली पूर्वेच्या टोकाला. मी नकाशा उघडून दाखवलं की मधलं अंतर इथून कन्याकुमारीला जाऊन परत येण्याहून जास्त आहे. दादांनी नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही. “पन देश तं एकच ना?” आणि गंमत म्हणजे त्या न पाहिलेल्या माणसाने चैतालीला फोन केला, बेटा, रोटी खाई, असं विचारलं, आणि अजूनही सणावाराला विचारतो.

पहिलं वर्ष नीट गेलं. दुसऱ्या वर्षात एखाद्या कंपनीत काही महिने प्रत्यक्ष काम करायचं, त्याशिवाय पदविका नाही, असा नियम होता. चैतालीने मुलाखती दिल्या आणि एका धान्याच्या कारखान्यात तिला जागाही मिळाली. मग कळलं की शिकायचा परवाना असला तरी हे काम करायला दुसरा परवाना लागतो. त्यासाठी कॉलेजचं पत्र हवं, आणि हे काम अभ्यासक्रमात सक्तीचं आहे असं त्या पत्रात स्पष्ट लिहिलेलं हवं. कॉलेजने पत्र दिलं, पण त्यात ‘सक्तीचं’ ऐवजी ‘इच्छा असल्यास’ अशा अर्थाचा शब्द पडला होता. अर्ज परत आला. चैतालीने कॉलेजला मेल केला, तर उत्तर आलं की आपला मेल मिळाला आहे, क्रमाने उत्तर देऊ. ती खिडकीवर गेली, तर भेटीची वेळ ऑनलाइन घ्या म्हणाले. ऑनलाइन पाहिलं, तर वेळ शिल्लक नव्हती. आणि कारखाना म्हणत होता, ठरल्या दिवशी परवाना घेऊन आली नाहीस तर जागा दुसऱ्याला देऊ. मी इंग्रजीचा शिक्षक. मी तिला अत्यंत अदबीचे मेल लिहून द्यायचो, आणि तिकडून प्रत्येक मेलला तेच छापील उत्तर यायचं.

एका संध्याकाळी चैताली फोनवर रडत होती आणि नेमके त्याच वेळी बियाणं घ्यायला गोंदियाला आलेले दादा आमच्या घरी चहा पीत बसले होते.

“पोरगी काऊन रडून राहिली?” त्यांनी बशी खाली ठेवली.

मी सगळं समजावून सांगितलं. शिकायचा परवाना, कामाचा परवाना, पत्र, शब्द. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. “म्हनजे काम केल्याशिवाय शिक्षन पुरा होत नाही, अन् परवान्याशिवाय काम करता येत नाही. अन् परवाना एका शब्दासाठी अडला.”

“हो.”

“तो शब्द कोनी लिवला?”

“कॉलेजातल्या कुणीतरी. खाली एका बाईंची सही आहे.”

“जिती हाय ना ते बाई?”

“असणारच.”

“मंग फोन लावा.”

मी मेल दाखवले. त्यांनी मला एक मेल मराठीत वाचायला लावला आणि म्हणाले, “भाऊजी, हा अर्ज हाय का लग्नाची पत्रिका? पोरगी रडून राहिली हे तं यात कुठीच नाही.”

आपल्याकडे गाई घरी परततात तेव्हा तिकडची ऑफिसं उघडतात. कॉलेजचा नंबर मीच लावून दिला, कारण नाही दिला असता तर दादा शेजाऱ्याकडून लावून घेणार होते. प्रथम टेपवरची बाई इंग्रजीत बोलली, मग फ्रेंचमध्ये. मग संगीत सुरू झालं. दादांनी डोळे मिटून थोडा वेळ ऐकलं. “भजन बरा हाय,” म्हणाले. भजन फारच लांबलं तेव्हा मी फोन ठेवायला सुचवलं. त्यांनी हाताने मला गप्प केलं आणि एकामागून एक आकडे दाबायला सुरुवात केली. कुठल्या आकड्याने कुठलं दार उघडलं देव जाणे, पण पलीकडून एक जिवंत बाई बोलली. दादा ताडकन उभे राहिले.

“हॅलो मॅडम! गुड मॉर्निंग! मैं कामठा से बोल रहा हूँ. चैताली का मामा!”

मी कपाळाला हात लावला. बायको फोन घ्यायला धावली, तर ते टेबलाभोवती फिरत बोलू लागले. “मॅडम, गर्ल व्हेरी होशियार. लेटर मिस्टेक. ओन्ली वन वर्ड. गर्ल क्राइंग. मामी क्राइंग.” मामी तेव्हा कामठ्याला चुलीपुढे भात रांधत बसली असणार, पण ते असो. पलीकडची बाई काहीतरी समजावत होती. ‘विद्यार्थ्याची माहिती दुसऱ्या कुणालाही देता येत नाही,’ एवढं मला फोनबाहेरही ऐकू आलं. दादा प्रत्येक वाक्याला “यस मॅडम, यस मॅडम” म्हणून आपलं पुढे चालू ठेवत होते. आजोळी आलेली चैताली लहानपणी नहरात, म्हणजे कालव्यात, कशी पडली आणि तरी हातातली पाटी तिने कशी सोडली नाही, हे त्यांनी हिंदीत, झाडीबोलीत आणि हातवाऱ्यांनी सांगितलं. फोनवर हातवारे दिसत नाहीत हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. मध्येच त्यांनी विचारलं, “मॅडम, चिल्ड्रन कितने?”  पलीकडून बारीकसा आवाज आला. “टू! व्हेरी गुड! बॉय? गर्ल? दोनी गर्ल! नंबर एक!” आणि मग त्यांनी मॅडमला, त्यांच्या दोन्ही मुलींना आणि मुलींच्या बापाला कामठ्याला जेवायला बोलावलं. एवढ्यात बायकोने फोनला तोंड लावलं आणि चैतालीचं नाव, आडनाव एक एक अक्षर करून सांगून टाकलं. फोन बंद झाला तेव्हा दादांच्या कपाळावर घाम होता. “झाला काम,” ते म्हणाले आणि गार झालेला चहा एका घोटात प्यायले.

मला त्या रात्री चैतालीची माफी मागावीशी वाटत होती. दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. हसत होती. मॅडमनी तिला ऑफिसात बोलावून घेतलं होतं. म्हणाल्या, “तुझ्या मामांना मी पुन्हा पुन्हा सांगितलं की तुझ्याविषयी मी त्यांच्याशी बोलू शकत नाही. ते दर वेळी कबूल झाले आणि पुढे बोलत राहिले. मला फारसं काही कळलं नाही. पण तू कालव्यात पडली होतीस हे कळलं, आणि लेटर, लेटर हे कळलं. दाखव ते लेटर.” पाहिलं, तर दुसऱ्याच अभ्यासक्रमाचा मसुदा चुकून चैतालीच्या नावाने निघाला होता. बाई ओशाळल्या. दुरुस्त पत्र त्यांनी तिथल्या तिथे सही करून दिलं आणि अर्ज पुन्हा गेला. दादांनी ताबडतोब मॅडमसाठी चिन्नोर आणून आमच्या घरी ठेवला. तो कॅनडाला पाठवायची सोय काही लागली नाही. शेवटी आम्हीच मॅडमचं नाव घेऊन खाल्ला.

त्यानंतर दादांचा रोज एक फोन. “आला का परवाना?” कारखान्याने दिलेली तारीख जवळ येत होती. मी आणि बायको एकमेकांशी त्याविषयी बोलायचंच टाळायला लागलो होतो. आणि एका सकाळी चैतालीचा फोन आला की परवाना मिळाला. बायको म्हणाली, दादाला फोन करू नका, जाऊन सांगा. मी कामठ्याला गेलो. धानाची रोवणी, म्हणजे लावणी, चालू होती. दादा गुडघाभर चिखलात उभे राहून धानाच्या रोपांच्या, पऱ्ह्यांच्या, पेंढ्या फेकत होते. मी बांधावरूनच ओरडलो, “दादा, परवाना आला!” बायांनी वाकल्या वाकल्या वर पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस नाचणार. त्यांनी हातातली पेंढी फेकली, हात धुतले आणि बांधावर येऊन बसले.

“बरा झाला,” म्हणाले. मग विचारलं, “म्हनजे आता ते तिथं काम करल?”

“काही महिने. शिक्षणाचाच भाग आहे तो.”

“हो, ते समजला मले.” ते चिखलाकडे पाहत राहिले. “आपले जुने लोक, शेकडो वर्साआधी, माळव्यातून इकडे आले, भाऊजी. ते बी कामासाठीच आले असतील. काही दिवसांसाठीच. वापस कोन गेला?”

  एका बाईने रोवणीची ओळ वाकडी नेली, तसे ते तिच्यावर ओरडत पुन्हा चिखलात उतरले.

चैतालीचं काम त्या कारखान्याला आवडलं. शिक्षण संपल्यावर त्यांनी तिला तिथेच नोकरी दिली. दर रविवारी ती व्हिडिओवर येते आणि त्या वेळी दादा आमच्याकडे हजर असतात. अलीकडे त्यांना ऐकू कमी येतं. ते कबूल करत नाहीत आणि कानाचं यंत्र लावायला तयार नाहीत. चैतालीला ते माहीत आहे. ती हळूहळू, ओठ नीट हलवत बोलते, आणि दादा तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत, काय ऐकलं असेल त्याला उत्तर देतात. मागच्या रविवारी त्यांनी विचारलं, “केव्हा येऊन राहिली, बाई?”

“अजून काही नक्की नाही, मामाजी,” ती म्हणाली. “यंदा सुट्टी मिळेल असं वाटत नाही.”

“हो, हो, ये,” दादा खूश होऊन म्हणाले. “कापनीच्या आधी ये. मंग मले वेळ नसते.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहिलं. चैतालीने मान हलवली आणि ओठ हलवून काहीतरी म्हणाली. हो म्हणाली की नुसतंच मामाजी म्हणाली, ते मलाही नीट ऐकू आलं नाही.