मुद्देमालाची कलई

नवसागर म्हणजे काय ते आजच्या पोरींना समजावून सांगावं लागतं. मिठासारखी पांढरी पूड. पितळेचं पातेलं निखाऱ्यावर तापवायचं, आत कथलाची कांडी फिरवायची, चिमूटभर नवसागर टाकायचा. भसकन पांढरा धूर निघतो. मग कापसाच्या बोळ्यानं पुसत गेलं की पातेलं आतून लख्ख. ही झाली कलई. आमच्या मालकांचा तोच धंदा. पण दारू गाळणाऱ्या मेल्यांनाही हाच नवसागर लागतो, गुळाच्या रसायनात घालायला. आणि ती दारूबंदीची वर्षं होती.

आम्ही मूळचे नगरकडचे, भोसरीत एका खोलीत राहायचो. मालक सायकलला भाता बांधून पार चाकणपर्यंतची गावं करायचे. माणूस कडक. मजुरी ठरल्याशिवाय भाता लावायचे नाहीत, मग समोर पाटील असो की मामलेदार. मजुरी म्हणजे तरी काय, कुणी पायलीभर ज्वारी द्यायचं, कुणी शेंगा. त्या दिवशी एका गुऱ्हाळवाल्यानं घरची सगळी भांडी करून घेतली आणि गुळाची ढेप दिली. स्वारी खूश. ढेप मागं कॅरेजला, नवसागराची पिशवी पुढं हँडलला, आणि निघाले घरी. वाटेत पोलिसांनी अडवलं. गूळ सापडला, नवसागर सापडला, अंगाला धुराचा वास. आणखी काय पाहिजे त्यांना? दोन थोबाडीत दिल्या, गूळ आणि पिशवी जप्त केली आणि आत टाकलं.

मला कळल्यावर मी तडक त्या गुऱ्हाळवाल्याच्या दारात गेले. म्हटलं, "दादा, फक्त एवढं येऊन सांगा, गूळ मजुरीचा होता."

तो खाली बघत म्हणाला, "म्या न्हाई बाई कुनाला गूळ दिला. आमाला कशाला वढता त्यात?"

आत त्याची बायको आमच्या हातच्या कलईच्या पातेल्यात कालवण ढवळत होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मुडदा बशिवला तुझा!" असं त्याच्या तोंडावर म्हणाले आणि सगळी वाट रडत आले.

खोलीच्या मालकानं जामीन दिला म्हणून हे घरी आले. पण दर शनिवारी चौकीवर हजेरी. आणि खरा घोर वेगळाच होता. घरोघर जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी यायला लागली होती, त्यांना कलई लागत नाही. धंदा बसत चाललाय हे आम्हा दोघांना दिसत होतं. पिंपरीला एक नवा कारखाना उभा राहत होता. तिथल्या साहेबानं यांचं विस्तवावरचं काम बघून पसंत केलं होतं. पगार, वर राहायला खोली. फक्त पोलिसांचा दाखला आणायचा, की माणूस चांगल्या वर्तणुकीचा आहे. केस असेपर्यंत दाखला नाही, आणि दाखला नाही तर नोकरी नाही. साहेब म्हणाले होते, जागा थोडे दिवस धरून ठेवतो. थोडे दिवस म्हणजे किती, ते विचारायची आमची छाती झाली नाही.

तारखा पडत गेल्या. कधी वकील नाही, कधी मॅजिस्ट्रेट रजेवर, कधी कागद पुण्याला गेलेत. आमचा जीव टांगणीला. ज्या बाया दारात उभ्या राहून यांना हाका मारायच्या, त्या दार लावून घ्यायला लागल्या. मी चाकणला कांदे निवडायला जाऊ लागले. ट्रकमध्ये शेजारी बसलेली बाई एकदा हसत म्हणाली, "एखादी बाटली आण की गं आमच्या मालकाला." मी तिच्याशी पुन्हा बोलले नाही. हसण्यावारी न्यायला माझ्यात काही उरलंच नव्हतं.

एका शनिवारी हे चौकीवरून आले ते जरा खुलून. कितीतरी महिन्यांत असा चेहरा दिसला नव्हता.

"अगं, हवालदारानं आज भांडी करून घेतली. चौकीतली सगळी, शिवाय फौजदारसाहेबांच्या घरची. घंगाळसुद्धा."

"मजुरी?"

"मजुरी कसली मागतेस? डोळ्यांनी बघितलं त्यांनी. आता पटलं असेल ना, की नवसागर कलईचाच होता."

"अहो, पण सामान कुठलं? आपल्या घरात कथलाचा तुकडा नाही."

"त्यांच्याकडंच होतं की. माझीच पिशवी काढून दिली. म्हणाले, तुझंच आहे, वापर."

त्या पिशवीत नवसागराबरोबर कथलाच्या कांड्या होत्या, कापूस होता. कोर्टात कुणी नुसती उपडी केली असती तरी कळलं असतं, की ही कलईवाल्याची पिशवी आहे, दारूवाल्याची नव्हे.

"किती उरलंय?"

"उरतंय कशाला? घंगाळ केवढं होतं!"

"कपाळ माझं! अहो, तोच तर तुमचा साक्षीदार होता! तो तुम्ही फौजदाराच्या घंगाळाला फासून आलात!"

यांनी माझ्याकडं बघितलं, आणि चेहरा उतरत गेला तो माझ्या देखत. त्या रात्री आम्ही जेवलो नाही.

गुळाचं काय झालं ते पुढच्या तारखेला कळलं. मुंगळ्यांनी खाल्ला, म्हणे. मुंगळे खाकीतलेच असणार. कोर्टात सरकारी वकील उठला आणि मुद्देमाल खराब झाला आहे, सरकार खटला मागं घेत आहे, असं काहीसं म्हणाला. झालं. दीड वर्ष ज्याची वाट बघितली ते एवढ्यात उरकलं.

हे हात जोडून तसेच उभे. "साहेब, मी दारू गाळत नव्हतो."

मॅजिस्ट्रेट पुढचा कागद बघत म्हणाले, "तसं कोण म्हणतंय? सुटलास ना? जा."

तसंच पिंपरी गाठलं. फाटकावरच्या कारकुनानं कोर्टाचा कागद उलटसुलट करून बघितला. म्हणाला, "यात खटला मागं घेतला एवढंच आहे. निर्दोष आहे असं कुठं आहे?" आणि तसंही, ती जागा गेल्या पावसाळ्यातच भरली होती. आम्ही परत फिरलो. रस्ताभर मी त्या सगळ्यांचा उद्धार करत होते. हे मान खाली घालून पुढं चालत होते.

पुढच्या शनिवारी सकाळीच दारात एक शिपाई. खाली उतरलाही नाही, सायकलवर एक पाय टेकून म्हणाला, "काय रे कलईवाल्या, फौजदारसाहेबांच्या मेव्हण्याची भांडी आहेत. बोलावलंय."

मी पदर खोचून पुढं झाले. "आता कसलं बोलावणं? केस संपली आमची. भांडी करायची तर मजुरी ठरवा, नाहीतर वाटेला लागा!"

शिपायानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी मागं वळले. मला वाटलं, हे आता तरी काही बोलतील.

यांनी सायकलला भाता बांधायला घेतला होता.

"अहो!"

"येतो गं," म्हणाले. "बोलावलंय ना."