गोराईच्या समुद्रात न फेकलेल्या गोळ्या

गोराईला कसं जायचं, असं तुमच्यापैकी काही जणांनी विचारलंय. मी पहिल्यांदा गेले ती १९७३ च्या हिवाळ्यात, नवऱ्याबरोबर. तेव्हा आम्ही फिरायला म्हणून निघालोच नव्हतो. सायमनला समुद्रात गोळ्या फेकायच्या होत्या.

आम्ही मुलुंडला राहायचो. सायमन एका छोट्या कारखान्यात लेथ मशीनवर कामाला होता. आदल्या वर्षी त्याला क्षय निघाला. इंजेक्शनं संपली होती, गोळ्या चालू होत्या, अंगावर थोडं मांसही चढलं होतं. तेवढ्यात शेजारच्या बाईंनी आम्हाला अंधेरीतल्या एका प्रार्थनासभेला नेलं. तिथे ज्यांना सगळे ब्रदर म्हणत, त्यांनी सायमनच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रभूने तुला बरं केलंय, असं जाहीर केलं. आता गोळी घेणं म्हणजे प्रभूवर अविश्वास दाखवणं, असं ते म्हणाले. चाळीस दिवस फादरना किंवा डॉक्टरना काही कळता कामा नये, आणि जो शंका काढेल त्याच्या तोंडून सैतान बोलतोय असं समजायचं. सायमन रडला, मीही रडले. दवाखान्याच्या रांगा सुटल्या याचाच मला जास्त आनंद झाला होता, हे आज कबूल करते.

तीन आठवडे त्याने गोळीला हात लावला नाही. मग विश्वासाची साक्ष म्हणून उरलेली बाटली समुद्रात टाकायचं त्याच्या मनाने घेतलं. गोराईला त्याचे अंतोनकाका राहायचे, म्हणून गोराई.

शनिवारी सकाळी दादरला गाडी बदलून बोरिवलीला उतरलो आणि बसने खाडीवर गेलो. जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, आधी भरतीची वेळ विचारून घ्या. आम्हाला ओहोटी लागली. चपला हातात घेऊन चिखलातून होडीपर्यंत चालत गेलो. भाडं अगदीच किरकोळ होतं. मधोमध आल्यावर सायमन खोकायला लागला. खारा वारा बाधला, असं म्हणाला. रुमाल त्याने घाईने खिशात कोंबला. मी तो मागितला नाही. मला बघायचंच नव्हतं.

पलीकडे टांगा मिळाला. दोन्ही बाजूंना भाताची कापलेली शेतं, मध्येच एखादा क्रूस, वाळत घातलेली मासळी. काका एकटेच राहायचे, साठीचे, मासेमारी आणि थोडी शेती करणारे. त्यांनी स्वतः बोंबील तळले होते, बरोबर तांदळाची भाकरी. इतकं चविष्ट जेवण मी नंतर तिथल्या कुठल्याही हॉटेलात जेवले नाही.

उन्हं कलल्यावर तिघं किनाऱ्यावर गेलो. सायमनने खिशातून बाटली काढली आणि काकांना सगळं सांगितलं. मला वाटलं, ते ओरडतील. ते वाळूवर बसले आणि आम्हालाही बसा म्हणाले.

"डॉक्टरकडे जाऊन बघून ये, असं म्हणाला का तो ब्रदर?"

"नाही."

"येशूने कुष्ठरोग्याला बरं केलं, तेव्हा त्याला देवळातल्या याजकाकडे पाठवलं. जा, दाखव म्हणाला. तुझा ब्रदर लपव का म्हणतो?"

मग काका आपल्या बायकोबद्दल बोलले. तिला कावीळ झाली होती. गावात आलेल्या एका बाईने स्वप्नात पवित्र मरियेने सांगितलंय म्हणून हॉस्पिटलला न्यायचं नाही, असं बजावलं. काकांनी ऐकलं. काकू त्याच आठवड्यात गेल्या.

"लोक म्हणाले, अंतोनची श्रद्धा मोठी," काका म्हणाले. "श्रद्धा नव्हती रे. त्या बाईचं नाही ऐकलं तर देव शिक्षा करील, अशी भीती होती."

सायमनने बाटली मुठीत घट्ट धरली. मग म्हणाला, "मलाही भीतीच वाटते, काका. सकाळी रुमालात रक्त होतं."

मी बाटली त्याच्या हातातून घेतली, झाकण काढलं आणि गोळी त्याच्या तळव्यावर ठेवली. पाणी जवळ नव्हतं. त्याने ती तशीच गिळली, कडू तोंड केलं, आणि आम्ही तिघंही हसलो. तीन आठवड्यांत मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

त्या रात्री काकांकडेच राहिलो. रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर सायमनने तिथल्या फादरना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली आणि सोमवारीच डॉक्टरकडे जायचं वचन घेतलं.

मुलुंडच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. डाग होता, पण पसरला नव्हता. त्यांनी चांगलंच झापलं आणि गोळ्या वर्षभर वाढवल्या. रस्त्यावर आल्यावर सायमन म्हणाला, "शिव्या खाऊन इतकं बरं कधी वाटलं नव्हतं." त्या वर्षानंतरचा एक्स-रे स्वच्छ आला. शेजारच्या बाईंनाही त्याने सगळं सांगितलं; त्या दोन महिने आमच्याशी बोलल्या नाहीत, मग एके दिवशी आपणहून बोलल्या.

ते ब्रदर लबाड होते की स्वतःच फसले होते, मला आजही ठाऊक नाही. आम्ही मात्र त्यांना हवं ते सगळं मान्य केलं होतं, कारण ते आम्हालाही हवं होतं. प्रार्थनासभांना मी अजून जाते, आणि माझा प्रभूवर विश्वास आहे. पुढे उभा असलेला माणूस डोळे मिटा म्हणाला की मीही मिटते, पण प्रभूसाठी. त्या माणसाकडे बघायचं असतं तेव्हा ते उघडेच ठेवते.