व्याह्यांचा मान आणि अणुबॉम्ब

अनसिंगच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोन बाया बोलत होत्या. "प्रल्हादच्या पल्लवीची सोयरीक मोडली म्हंते! काहून, त प्रल्हादनं व्याह्याच्या गावावर बॉम्ब..."

तेवढ्यात स्टँड आला आणि दोघी उतरून गेल्या! मी पिशवी सावरेपर्यंत गर्दीत दिसेनाशा झाल्या.

प्रल्हादभाऊ म्हणजे आमचे शेजारी. घरामागे वांगी-पालक लावतात आणि वाशीमच्या बाजारात विकतात. असा माणूस आणि बॉम्ब! आमची दोघांची भिंत एकच. त्यांच्या घरचे किस्से मी काही गोळा करायला जात नाही, भिंतीला ओल यावी तसे ते आपोआप इकडे येतात. पण हा किस्सा माझ्याआधी बसपर्यंत पोचला, याचाच मला धक्का बसला.

\* \* \*

सुरुवात झाली ती त्यांच्या मुलाच्या कॉम्प्युटरपासून. तो पुण्याला नोकरीला गेला आणि जुना, पाठीमागून पोट सुटलेला कॉम्प्युटर घरी ठेवून गेला. त्यात एक जुना गेम होता. काळ्या पडद्यावर हिरव्या रेघांनी काढलेलं जग, आणि त्यावर अणुबॉम्ब टाकायचे! भाऊंना त्याचा असा नाद लागला की भिंतीपलीकडून ऐकू यायचं, "सुमन, चहा टाक. तवर मी जपान पाहून घेतो."

एकदा मी भाजी घ्यायला गेले तर पडद्यावर आकडे भराभर पळत होते.

"बाजारभाव पाहून राह्यले का भाऊ?"

"नाही वहिनी. मेलेली मानसं होय. कोटीत हायेत."

मी पिशवी घेऊन दाराकडे वळले.

भाऊ म्हणाले, "पालक देऊ का? आत्ताच उपटला."

\* \* \*

मग पल्लवीची सोयरीक जमली शिरपूर जैनच्या देवरावबापूंच्या अमोलशी. स्थळ चांगलं, मुलगा गुणाचा. बापू कुंकवाचं बोलायला आले, गेम पाहिला आणि खुर्चीतून उठेचनात! तेव्हापासून दर आठवड्याला बसनं यायला लागले.

कॉम्प्युटर एक आणि खेळणारे दोन. त्यामुळे एकानं डाव लावताना दुसऱ्यानं बाहेर जायचं, बघायचं नाही, असा नियम. मला तो कुठं माहीत? भर दुपारी पाहते तर होणारे व्याही अंगणात, भिंतीकडे तोंड करून उभे!

"अवो बापू, घरातून काढलं का तुमाले?"

"चूप बसा बाई! आतमंदी माह्यावर हल्ला सुरू हाय!"

\* \* \*

आणि मानपान? तो तर गेममध्येही होता! पहिल्याच दिवशी सुमनबाईंनी नवऱ्याला बजावलं, "ते मुलाकडचे होय. पह्यला बॉम्ब त्यायचा!"

मग काय, बापू कळ दाबायचे आणि भाऊंची शहरं जळायची. पंगतीत वाढप्यानं आग्रह करावा तसे भाऊ म्हणायचे, "घ्या बापू, अजून एक घ्या. मुंबई राह्यली."

मला राहवेना. "भाऊ, तुमी काहून नाही टाकत?"

भाऊ हळूच म्हणाले, "टाकतो ना वहिनी. समुद्रात टाकतो. पोरगी देऊन राह्यलो."

\* \* \*

पण एके दिवशी भाऊ चष्मा मळ्यात विसरून आले. अंदाजानं बॉम्ब समुद्रात सोडला आणि तो पडला थेट बापूंच्या राजधानीवर! या गेममध्ये राजधानीला आपल्या मनानं नाव देता येतं. बापूंनी मोठ्या हौसेनं दिलं होतं, 'शिरपूर'!

बापूंनी टोपी घातली. ताट वाढलेलं होतं, तरी तसेच निघाले. दारातून म्हणाले, "मुलीकडच्यानं गाव जाळलं आमचं! लग्नाची तारीख मंग पाहू."

"बापू, समुद्रावरच टाकला होता!" भाऊ मागे धावले.

"म्हंजे इतके दिवस मले मुद्दाम जिंकू देऊन राह्यले होते?"

ते तर आणखीनच वाईट झालं!

हे सगळं मला बसमधून उतरून घरी आल्यावर सुमनबाईंनी सांगितलं. म्हणजे बसमधल्या बायांची बॉम्बाची गोष्ट खरी होती. सोयरिकीची खरी होऊ नये म्हणून सुमनबाई देवासमोर बसल्या. पल्लवीचे डोळे सुजलेले दिसत होते. विचारलं तर म्हणाली, "काकू, कांदा चिरला." त्या दिवशी त्यांच्याकडे साबुदाण्याची खिचडी होती, मी वासावरून सांगते.

\* \* \*

शेवटी बापू बैठकीला आले. मी पोह्यांच्या निमित्तानं हजर होतेच. बापू म्हणाले, "पह्यले पुन्हा एक डाव. खरा खेळा. मंग तारखेचं बोलू."

भाऊंना घाम फुटला. जिंकलो तर सोयरीक जाणार आणि हरलो तर मुद्दाम हरला म्हणणार!

पल्लवी नुकतीच ड्युटीवरून आली होती. खांद्याची पर्सही न काढता खुर्चीत बसली. होणाऱ्या सासऱ्यांना ती मामाजी म्हणायची.

"बाबा, मामाजी, दोघंही बाहेर व्हा."

"अवो, पन डाव तर आमचा..." बापू म्हणाले.

"बाहेर!"

दोघे अंगणात खांद्याला खांदा लावून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आतून धडामधुडूम सुरू झालं.

बापूंनी हळूच विचारलं, "काय करून राह्यली हो ते?"

"मले कधी इचारून करते का बापू?"

आतून हाक आली. आम्ही सगळे धावलो. पडद्यावर एकही हिरवी रेघ नव्हती. भाऊंचं राज्य नाही, बापूंचं नाही.

पल्लवी शांतपणे उठली. "आता तुमी दोघंही संपले. तारीख मी अन् अमोलनं काढून ठेवली हाय."

बापूंनी खिशातून मोबाईल काढला आणि अमोलला लावला.

"अमोल, पल्लवी जे तारीख म्हंते ना, तिले हो म्हन. आत्ताच म्हन!"