पाळकाचा हेवा

महाडमधल्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचा मी पाळक. वीसेक वर्षं दर रविवारी प्रवचन देतोय. बोलणं हेच माझं काम, आणि ते मला चांगलं जमतं अशी माझी समजूत होती.

तीन वर्षांपूर्वी बायकोला लकवा आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. पूर्वी उपासनेत गाणी तीच धरायची. आता पुढे खुर्चीत बसते. समजतं सगळं, शब्द तेवढे येत नाहीत.

पोलादपूरकडच्या डोंगरातल्या वाडीवरून एक बाई येऊ लागली. दरडीत तिचं घर गेलं होतं, सासू गेली होती. मी डोळे मिटून तिच्यासाठी लांबलचक प्रार्थना केली. डोळे उघडले तर तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. बायकोने डाव्या हाताने तिचा हात ओढून आपल्या गालाला लावला होता आणि ती बाई हमसून रडत होती. त्यानंतर उपासना संपली की बायका बायकोभोवतीच जमायच्या. माझ्या प्रवचनाबद्दल कुणी चकार शब्द काढेना.

मी जळायला लागलो. लकवा झालेल्या स्वतःच्या बायकोवर!

एका रविवारी "आज तू आराम कर" म्हणून तिला घरीच ठेवलं.

दारातच त्या बाईने विचारलं, "वैनी नाय आल्या?"

"बरं नाही तिला."

"मंग मी त्यांच्यापाशीच जाऊन बसते," म्हणत ती निघालीच. मागोमाग आणखी दोघी. न बोललेली प्रार्थनाही देवाला पोचते, हा त्या दिवशीचा माझा विषय. अर्ध्या रिकाम्या खोलीला तो ऐकवला.

घरी आल्यावर बायकोसमोर बसलो. "मी खोटं बोललो. मला तुझा हेवा वाटतो गं."

ती अर्ध्या तोंडाने हसली. मला रागच आला. पण हसता हसता तिचे डोळे भरले. तिने बोट आधी स्वतःच्या गळ्याला लावलं, मग माझ्या ओठांवर ठेवलं आणि जोरात दाबलं.

तीन वर्षं तीसुद्धा माझ्यावर जळत होती. हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी तिला घेऊन गेलो आणि सगळ्यांसमोर खोटं कबूल केलं. शेवटी बायका तिच्याकडेच गेल्या. मनाला लागलंच. मी गुपचूप सतरंज्या गुंडाळायला घेतल्या.