पायांसकट सगळे

लग्न झाल्यावर आम्ही नवराबायकोनं जव्हारला जाऊन एक फोटो काढून घेतला होता. त्यात आम्हाला पाय नाहीत. स्टुडिओवाल्यानं कमरेपाशीच तोडलं. बायकोनं नवी जोडवी घातली होती आणि ती दिसावीत म्हणून लुगडं जरा वर खोचून उभी राहिली होती. फोटो हातात आला तशी तिनं दुकानातच विचारलं, "माझी जोडवी कुठं गेली?" तो म्हणाला, फोटो असाच काढतात. "मग पैसे पण अर्धेच घ्या," ही म्हणाली. पुढं आयुष्यभर घरी पाहुणा आला आणि त्याची नजर भिंतीवरच्या फोटोकडं गेली, की त्याला चहाबरोबर ही गोष्ट प्यावी लागायची.

तिची धाकटी बहीण सूर्यमाळला दिलेली. त्या बहिणीची मुलगी शाळेसाठी आमच्याकडं खोडाळ्याला राहिली, आमच्या मुलीच्या बरोबरीनं वाढली. बायको तिला सांगायची, "तुझ्या लग्नात सगळ्या पाड्याचा मिळून एक फोटो काढायचा. म्हातारी, तान्ही, सगळी. पायांसकट." शेवटच्या आजारात मलाही सांगितलं. "तुम्ही विसराल," म्हणाली. मी म्हटलं, नाही विसरणार. एवढंच बोलणं झालं. त्याच पावसाळ्यात ती गेली आणि पुढच्या उन्हाळ्यात तिच्या या भाचीचं लग्न ठरलं. म्हणजे फोटो माझ्या गळ्यात. कोणी म्हणालं, जव्हारचा फोटोवाला बोलवा. मी म्हटलं, फोटोवाल्याला सांगून पाय येत असते तर आमचे आले नसते का?

माझं शिक्षण चौथीपर्यंत. बाजारात माझी पिठाची गिरण होती; जन्म नागली आणि तांदूळ दळण्यात गेला. बायको गेल्यावर गिरण चालवायचो, पण माणसांशी बोलायचो नाही. दळण घ्या, डबा द्या, चला. पोटापुरती भाकर थापायचो, करपली तर करपली.

माझी मुलगी जव्हारला शिक्षिका. जावयानं हौसेनं एक डिजिटल कॅमेरा घेतला होता, लेन्स काढता-घालता येते तो मोठा. जव्हारचा पाऊस कोणाची हौस ठेवत नाही. दोन पावसाळ्यांत लेन्सच्या आत बुरशीचं जाळं धरलं आणि कॅमेरा कपाटात गेला. मुलीनं तो माझ्यापुढं आणून ठेवला. "बाबा, नुसती भिंत बघत बसता, त्यापेक्षा यातून बघा."

मी म्हटलं, "यातून तर जाळंच दिसतंय."

"लेन्स नाशिकहून आणू. आधी हा चालवायला तर शिका."

त्या रविवारी तिनं मला ओट्यावर बसवलं. वर एक गोल चाक, त्यावर चित्रं आणि अक्षरं. हिरव्या चौकोनावर ठेवलं की कॅमेरा सगळं स्वतःच ठरवतो. मी म्हटलं, मग माझं काम काय, उचलून धरायचं? तिनं चाक एमवर नेलं आणि सांगू लागली. ॲपर्चर म्हणजे उजेड आत यायचं भोक. शटर म्हणजे ते भोक किती वेळ उघडं. आयएसओ म्हणजे आतल्या पट्टीनं उजेड किती चटकन धरायचा. मास्तरीणच ती, मी बघतच राहिलो.

"कळलं का?"

"नाही."

मग गिरणीत जाऊन पट्टा चढवला आणि दळताना एकदम डोक्यात बसलं. वरच्या पेटीची झडप किती उघडी, हे झालं ॲपर्चर. दाणा किती वेळ पडू दिला, हे शटर. दगड किती सैल सोडले, ते आयएसओ. गर्दीच्या बाजारी दगड सैल सोडले की दळण चटचट उरकतं, पण पीठ भरड येतं. तसंच अंधारात आयएसओ वाढवला की फोटो निघतो, पण रवाळ निघतो. मी तसाच पिठाच्या हातानं शेजारच्या दुकानावर गेलो आणि फोनवर मुलीला हे सांगितलं. ती खूप हसली आणि म्हणाली, थांबा, हे पोरांना सांगते.

एक गोष्ट मात्र मला आजवर पटली नाही. एक पॉइंट आठ म्हणजे मोठं भोक आणि बावीस म्हणजे बारीक. ज्यानं हे आकडे ठेवले त्यानं बायकोला विचारून तरी ठेवायचं.

लेन्स घ्यायला आम्ही बापलेक नाशिकला गेलो. दुकानदारानं दोन पुढं ठेवल्या. एक अठरा-पंचावन्न, फिरवली की जवळचं-लांबचं होतं. दुसरी नुसती पन्नास, आखूड, हलकी. ती लावून त्यानं माझ्या मुलीचा फोटो काढला आणि मागं दाखवला. काय सांगू. पोरीचा चेहरा लख्ख, मागचं सगळं दुकान लोण्यासारखं विरघळलेलं. अगदी तिच्या आईसारखी दिसत होती.

"हीच द्या," मी म्हटलं.

मुलगी म्हणाली, "बाबा, हिला झूम नाही. माणसं जास्त असली तर तुम्हालाच मागं जावं लागेल."

"मग जाईन. पाय आहेत मला."

तिनं लेन्सची पिशवी उचलली. आईसारखीच गप्प राहून बाप तोंडावर पडायची वाट बघते.

ती लेन्स घेऊन मी बाजारात फिरलो. भोक सगळ्यात मोठं, मागचं सगळं पुसट. फोटो जव्हारहून छापून आणले, मला वाटलं गाव खूश होईल. किराणावाल्यानं आपला फोटो पाहिला आणि चिडला. "चक्कीवाले, माझं दुकान कुठं? पाटी नवी रंगवली म्हणून तर उभा राहिलो. मागं मोखाड्याचं धुकं आणून सोडलंत." एका म्हातारीनं घरावर नवे पत्रे टाकले होते. तिनं फोटो उलटा करून मागंही बघितला. "पत्रे पुसलेस माझे," म्हणाली. "म्हस पण नाही. नुसतं तोंड घेऊन मी काय करू? तोंड तर आरशात दिसतं."

खरंच होतं तिचं. आमच्याकडं फोटोला माणूस एकटा उभा राहत नाही. घर, म्हस, कोंबड्या, भात सगळं घेऊन उभा राहतो. हात सरळ, तोंड मिटलेलं, दात दाखवायचे नाहीत. दात काढणारा माणूस फोटोत वेडा दिसतो, असं सगळे मानतात, मीही मानतो.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, आकडा वाढवा, आठवर न्या. भोक बारीक झालं आणि धुकं हटलं. दुकानाची पाटी आली, पत्रे आले, म्हस आली. पण पूर्ण म्हस घ्यायची तर म्हातारीचे पाय जात आणि पाय घ्यायचे तर मला पार रस्त्यापलीकडं जावं लागे. सेटिंगनं धुकं जातं, जागा मोठी होत नाही. हे मला कळायला सूर्यमाळला जावं लागलं.

लग्नाच्या आधी मी जागा बघायला मेव्हणीकडं गेलो. तिचं अंगण म्हणजे डोंगराच्या उतारावरची चटईएवढी जागा. घरातली माणसं उभी केली आणि डोळा कॅमेऱ्याला लावून मागं सरकू लागलो. मेव्हणी आणि तिचा नवरा आले. पोरं आली. तिची सासू काही येईना. अजून मागं. सासू आली, तिचे पाय येईनात.

मेव्हणी ओरडली, "दाजी, बास!"

"अजून थोडं."

"अहो दाजी, मागं उकिरडा—"

गेलो. कमरेपर्यंत शेणात. कॅमेरा तेवढा वर धरला होता, देव उचलतात तसा. सगळं घर कडेला येऊन उभं राहिलं. मेव्हणीनं पदर तोंडात कोंबला होता, तरी हसू बाहेर येत होतं. "ताई असती तर," ती म्हणाली, "तुम्हाला तसंच सोडून आधी फोटो काढला असता." आणि मी शेणात बसून हसलो. बायको गेल्यापासून पहिल्यांदा. हसू थांबेना म्हणून शेवटी त्यांनीच हाताला धरून वर ओढलं.

मुलीला बरोबर घेतलं आणि पुढच्याच गाडीनं नाशिक. मुलीला म्हटलं, ती दुसरी घेऊ. ती म्हणाली, "का? पाय दुखले?" दुकानदारानं पन्नास परत घेतली आणि अठरा-पंचावन्न दिली. अठरावर फिरवली की अंगण, सासू, तिचे पाय, उकिरडासुद्धा येतो. पण त्या लेन्सचीही एक खोड निघाली. कडेला उभा राहिलेला माणूस रुंद होतो. बाजारात काटक पानवाला कडेला उभा केला, तो फोटोत सावकार दिसला. तो खूश झाला. पण नवरीचा मामा मुळातच पोतं, तो कडेला आला तर दुसरी लेन्स घ्यावी लागली असती.

लग्नाच्या दिवशी अक्षता पडल्या आणि जेवणाआधी फोटो ठरला. मांडवावर निळं प्लास्टिक होतं, त्याखाली नवरीची हळद हिरवी दिसत होती, म्हणून सगळ्यांना आंब्याच्या सावलीत नेलं. बारीक माणसं कडेला, जाडी मधे. मामा म्हणाला, "मी का मधे?" मी म्हटलं, "मामा तुम्ही, तुमचा मान." तो ताठ झाला. पोरं खाली बसली, पाय पुढं. म्हाताऱ्यांना खाट आणली. सगळ्यांचे हात सरळ, तोंडं मिटलेली. मी डोळा लावला. सगळे होते. बोट बटणावर ठेवलं.

आणि खालच्या वळणावर टँकरचा हॉर्न वाजला.

सूर्यमाळला उन्हाळ्यात टँकरचा हॉर्न म्हणजे काय, हे तिथं राहिल्याशिवाय कळायचं नाही. पाणी विहिरीत ओततात आणि जो आधी पोचला त्याचं. एका श्वासात सगळा पाडा गेला. बायका, पोरं, मामा. खाटेवरची एक म्हातारी पण उठून गेली, तिला चालता येत नाही असं समजून आम्ही उचलून आणली होती. झाडाखाली नवरा उरला, पागोटं धरून, आणि त्याची चार माणसं. नवरी शालू खोचून निघालीच होती.

"अगं तू थांब, आज तरी!" मेव्हणी पळता पळता ओरडली.

"आई, माझा हंडा मावशीनं दिलेला आहे! कोणीतरी नेईल!"

"मी आणते गं बाई!"

मी तिथंच बसलो. मला वाटलं, गेला फोटो. आता जेवणं होतील, वरात निघेल, नवरी जाईल. नवरीनं माझ्याकडं पाहिलं आणि शेजारी येऊन बसली. "काका, येतील," म्हणाली. "पाणी भरल्यावर येतात माणसं."

आली. डोक्यावर हंडे, अंगावर पाणी, भांडणं अर्धी तिथं झालेली, अर्धी बरोबर आणलेली. मी म्हटलं, हंडे खाली ठेवा. कोणी ठेवीना. ठेवला की पोरं सांडणार. मेव्हणी म्हणाली, "घ्या हंड्यासकट. खोटं काय आहे त्यात?" तोवर ऊन झाडाखाली शिरलं होतं. निम्म्यांच्या तोंडावर कवडसे. सगळ्यांना खोडाच्या पलीकडं दाट सावलीत सरकवलं. तिथं अंधार. भोक आठवरच ठेवायचं होतं, नाहीतर मागची रांग पुसट होईल. शटर जास्त वेळ उघडं ठेवलं तर हंडेवाल्या डुलणार. मग आयएसओ वाढवला. आला रवा तर आला, माणसं तर येतील.

दाबलं. मागच्या काचेवर पाहिलं. सगळे. सगळ्यांचे पाय. अनवाणी, चपला, नवरीची जोडवी, मामाचे उसने बूट.

सगळी माणसं माझ्याभोवती गोळा झाली. "मी कुठं?" "हा बघ तू." "डोळे मिटलेत याचे." मेव्हणीनं कॅमेरा हातात घेऊन खूप वेळ पाहिलं आणि म्हणाली, "दाजी, तुम्ही नाही यात."

"मी नसलो तर काढला कोणी?"

"ते मला नका सांगू. ताई सगळे म्हणाली होती ना? मग तुम्ही सगळ्यांत नाही का?"



मुलीनं मागं एकदा सेल्फ टायमर दाखवला होता, तेव्हा मी म्हटलं होतं, हे ज्याला बटण दाबायला माणूस नाही त्याच्यासाठी. आता मुलगीच पुढं आली, वरातीच्या जीपच्या बॉनेटवर उरलेल्या अक्षतांची पिशवी ठेवली आणि तिच्यावर कॅमेरा नीट बसवला. "दहा सेकंद मिळतात बाबा. बटण तुम्हीच दाबा." ती रांगेत गेली. मी दाबलं. लाल दिवा लुकलुकायला लागला.

म्हाताऱ्या माणसाला दहा सेकंद फार कमी असतात. सगळा पाडा ओरडत होता, "पळा! पळा!" मी धोतर धरून धावलो, एक चप्पल वाटेत राहिली, मामाला धडकलो. मेव्हणीनं दंडाला धरून मला आपल्या आणि नवरीच्या मधे ओढलं. तेवढ्यात वाजलं.

तो फोटो मग सगळ्या पाड्यानं मागितला आणि मी सगळ्यांना दिला. सूर्यमाळला अजून घराघरात आहे. हंडे आहेत, मामा मधे आहे, सगळे सरळ उभे, तोंडं मिटलेली. मला एका पायात चप्पल, दुसरा पाय मोकळा, आणि तोंड उघडं, सगळे दात बाहेर. मेव्हणी भेटेल तेव्हा बोलते, "एवढी शहाणी माणसं उभी होती दाजी, आणि तुम्हीच दात काढलेत."

काय करणार? धावल्यावर तोंड मिटत नाही.