मधासारखं तेल

“सर, बघा की. तेल कसं मधागत हाय,” म्हणत बापूनं डिपस्टिक माझ्या नाकापुढं धरली. डिपस्टिक म्हणजे इंजिनातलं तेल बघायची पट्टी. बापू जुन्या ट्रॅक्टरचा एजंट. बोटीत त्या दिवशी पहिल्यांदाच चढला होता, पण मत द्यायला सगळ्यात पुढं.

मी जहाजांवर इंजिनिअर होतो. रिटायर होऊन आता राजारामपुरीत राहतो. शेजारच्या विश्वासला धरणाच्या बॅकवॉटरमध्ये बोटिंग सुरू करायचं होतं. म्हणून ही जुनी डिझेल बोट बघायला त्यानं मला नेलं. रविवारी पहिल्या फेरीत त्याची आई आणि गल्लीतली बायका-पोरं बसणार होती.

“शेवटची कधी चालवली?” मी मालकाला विचारलं.

“काल दिवसभर फेऱ्याच की, पावणं.”

थाप मारायची तरी जरा डोकं लावून मारावी. डिझेल इंजिनात नवं तेल घातलं की थोडं चालवल्यावर काळं पडतं. हे मधासारखं स्वच्छ, म्हणजे नुकतंच ओतलेलं आणि इंजिन चालवलेलंच नाही. बाजारात न्यायच्या आधी म्हशीची शिंगं तेल लावून चमकवतात, त्यातला प्रकार.

“काठाला बांधा, गिअर टाका आणि तासभर चालवा,” मी म्हटलं.

मालकाला लगेच बोटीच्या पंख्यात गवत अडकायची काळजी लागली. बापूला भूक लागली. मी जागचा हललो नाही.

तासाभरानं इंजिन बंद करून पट्टी काढली. तेलाचा दुधाचा चहा झालेला. तेल ओतायच्या झाकणाला आतून लोण्यासारखा थर. मी विश्वासला समजावलं. इंजिन पाण्यानं थंड ठेवतात. पाण्याची वाट वेगळी, तेलाची वेगळी. मधलं पॅकिंग गेलं की पाणी तेलात शिरतं, वंगण उरत नाही आणि इंजिन भर पाण्यात जाम होतं.

“गार हवेनं हुतंय तसं,” बापू म्हणाला. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

“विश्वास, इंजिन खोलून दुरुस्त झाल्याशिवाय ही बोट नको.”

“सर, चौकात डिजिटल लागलंय की.”

व्यवहार व्हायच्या आधी अभिनंदनाचा बोर्ड. त्यावर गॉगल घातलेला बापू, ‘मार्गदर्शक’ म्हणून. आमच्याकडं एकदा डिजिटल लागलं की माघार घेणं म्हणजे नाक कापून घेणं. भले आई बुडो.

“मग आईला तरी बसवू नकोस,” मी म्हटलं.

“तिला काय सांगू? सगळ्या गल्लीला सांगून बसलीय ती.”

“निदान सगळ्यांना लाइफ जॅकेट घाल. आणि मासेमारीवाल्यांची एक होडी मागं ठेव.”

विश्वासनं बोट तशीच घेतली. रविवारी इंजिन धरणाच्या मधोमध जाम झालं. वाऱ्यानं बोट खडकांकडं सरकायला लागली. होडी मागं होती, पण माझ्या सांगण्यावरून नव्हे, ड्रोनवाल्याला व्हिडिओ काढायचा होता म्हणून. त्या होडीनं बोट ओढत काठाला आणली. विश्वासची आई उतरल्यावर बराच वेळ काठावरच बसून होती, असं कळलं. ऐकून माझं डोकं सणकलं.

संध्याकाळी विश्वास दारात. मला वाटलं, आता तरी लाज वाटली असेल.

“सर,” तो म्हणाला, “तुम्ही जरा जोर लावून सांगायला पायजे हुतं.”

आता कुणी बोलवायला आलं की मी आधी विचारतो, व्यवहार ठरवायचाय की ठरलाय? ठरला असेल तर पेढे ठेवून जा म्हणतो. तेल बघायला जात नाही.